स्टेशनरी आणि स्टेशनरी

इंग्रजीत दोन स्टेशनऱ्या आहेत. एक वह्या-पेन्सिलींची, दुसरी जागची न हलणारी. पहिलीत 'ई', दुसरीत 'ए', आणि या एका अक्षरापायी कित्येकांनी शाळेत तळहातावर छड्या खाल्ल्या. देवनागरीने हा तंटाच ठेवला नाही. दोन्ही स्टेशनरीच, काय समजायचं ते समजा.

कोलकात्यात कॉलेज स्ट्रीटवर या दोघी मला एकदा एकदम भेटल्या. दुतर्फा पुस्तकांचे ठेले, मधून ट्रामचे रूळ. रुळांवर कागदाच्या रिमांची हातगाडी आडवी, तिच्यामागे ट्राम. बसला निदान वळसा घेता येतो. ट्रामच्या नशिबी तेही नाही. चालक पायाने घंटा बडवतोय, ठण ठण ठण. हातगाडीवाला एकेक रीम खांद्यावरून दुकानात पोचवतोय आणि दुकानदार पेन्सिल कानामागून काढून चोपडीत रेघ मारतोय. ट्राममध्ये मात्र कुणी घड्याळ बघेना. फुटबॉलच्या मोहन बागान-ईस्ट बंगालवरून दोन काकांची अशी जुंपली होती, की ट्राम सुटली असती तर तेच चिडले असते.

खरं म्हणजे हे शब्द सख्खे भाऊ. मध्ययुगीन युरोपात फिरस्ते विक्रेते गावोगाव हिंडायचे; विद्यापीठाच्या आसपास जो कायमचं दुकान थाटून बसला, तो 'स्टेशनर'. त्याचा माल ती स्टेशनरी. कलकत्ता विद्यापीठ १८५७चं, आणि त्याच्या दाराशी ठाण मांडलेले हे पुस्तकवाले म्हणजे अस्सल स्टेशनर. जवळच्या कॉफी हाउसात एका कपावर अख्खी दुपार काढणारे विद्वान यांत धरायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

मुंबईने १९६४ साली ट्राम मोडीत काढली. कोलकात्यात १८७३ साली घोडे जुंपून निघालेली ट्राम मात्र रखडत, रडतखडत टिकली. शेवटी २०२४मध्ये सरकारने जाहीर केलं, की वारसा म्हणून मैदान ते एस्प्लनेड एवढाच मार्ग ठेवू. कारण? ट्राममुळे वाहतूक तुंबते. बाकीची जणू वाऱ्यावर स्वार होऊन चालली होती!

त्या दिवशी मी ट्राममधून उतरून बस पकडली. बस खच्चून भरलेली. दारात लोंबकळणाऱ्या कंडक्टरने इथला पिढीजात हुकूम सोडला, "पिछोन दिके एगिये चोलून!" मागच्या बाजूला पुढे सरका. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळे मुकाट्याने पुढे होत होत मागे गेले.