पोटावरची सॅक

विरार लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून एका पायावर बोरिवली गाठणाऱ्यांना बॅकपॅकिंग काय शिकवायचं? तरी आमच्याकडचं नवं जोडपं पै-पै वाचवून मलेशियातल्या मलाक्क्याला जातं. पोर्तुगीजांनी १५११मध्ये घेतलेल्या त्या शहरात त्यांच्या किल्ल्याचा एक दरवाजा तेवढा उरलाय. त्यापुढे ही फोटोंवर फोटो काढते, तो इतिहासाने गहिवरतो. त्याच पोर्तुगीजांकडून चिमाजीअप्पांनी १७३९मध्ये जिंकलेला वसईचा किल्ला दोन स्टेशनांवर. पण तिथे काय, प्री-वेडिंगला जाऊन झालंय! परतताना बँकॉकहून वाळवलेली केळी आणतात, वसईच्या आजीला कौतुकाने देतात. आजी तुकडा चघळते. "सुकेळीच की रे! आपली जास्त गोड," म्हणते आणि भाव विचारते. तो मात्र दोघंही सांगत नाहीत.