पाचातून चार वेळा

न्यू जर्सीतल्या मराठी घरात मूल तीन वर्षांचं होऊनही बोलत नसलं, की पहिला फोन पुण्याहून येतो. "काही काळजी करू नका. याच्या बाबांनी पाच वर्षांपर्यंत अवाक्षर काढलं नव्हतं, आता थांबतात का बघा!" गणपतीत प्रसादाच्या रांगेत कोणीतरी आइनस्टाइनचा दाखला देतं. आणि एखादे शिकलेसवरलेले गृहस्थ बाजूला घेऊन सांगतात, "घरात मराठी बंद करा. पोराचा गोंधळ उडतोय." हा सल्ला सगळ्यांत वाईट. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं, असं संशोधनात दिसलेलं नाही. एक भाषा बंद केली की आजीशी बोलणं मात्र नक्की बंद होतं. आम्ही सल्ला आणि मोदक दोन्ही घेतले आणि मोदक तेवढा खाल्ला.

आमचे ऑटिस्टिक चिरंजीव ढोलताशा सुरू झाला की कानांवर भलेमोठे हेडफोन चढवतात. आरतीला मात्र ते काढून, टाळ्यांच्या ठेक्यावर स्वतःची आरती म्हणतात: राहवे, मेट्रोपार्क, मेटचन, एडिसन, न्यू ब्रन्सविक. एकही स्टेशन चुकत नाही, ठेकाही नाही. आरतीत आमचे शब्द चुकतात, त्याबद्दल आम्हाला कोणी थेरपी सुचवलेली नाही.

खरी परीक्षा शाळेत असते, आणि ती पालकांची. आमचे वडील हेडमास्तरांपुढे हात जोडून उभे राहायचे आणि "दोन ठेवून द्या, पण शिकवा" एवढीच त्यांची मागणी असायची. त्या संस्कारात वाढलेला माणूस आयईपीच्या, म्हणजे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याच्या, बैठकीला जातो, तेव्हा टेबलापलीकडे मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट, वर्गशिक्षिका आणि केस मॅनेजर हसतमुखाने बसलेले असतात. मध्ये टिश्यू पेपरचा डबा आधीच ठेवलेला असतो. तो आपल्यासाठी आहे, हे लक्षात आल्यावर निम्मा धीर तिथेच सुटतो.

आणि गंमत म्हणजे कायद्याने आईबापही त्या टेबलाचे तितकेच सभासद असतात. 1975 पर्यंत अमेरिकेत दहा लाखांहून अधिक अपंग मुलांना सरकारी शाळेचं दारच बंद होतं. त्या वर्षी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी या मुलांना शिक्षणाचा हक्क देणाऱ्या कायद्यावर सही केली, तीही कुरकुरत, की यात सरकारच्या ऐपतीपेक्षा जास्त आश्वासनं आहेत. जादा खर्चातला 40 टक्के वाटा केंद्र उचलेल असं ठरलं होतं. तो वाटा पूर्णपणे आजवर एकदाही आलेला नाही. म्हणून शाळा हात आखडता घेते आणि आपल्याला घासाघीस करावी लागते.

ती कला आमच्या घरात सौभाग्यवतींकडे आहे. त्या दादरच्या मंडईत तयार झाल्या आहेत. शाळा म्हणाली, स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा, अर्धा तास. मी "चालेल" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखालून पाय आला. "कमी होतंय," त्या शांतपणे म्हणाल्या आणि गप्प बसल्या. अमेरिकन माणसाला शांतता सोसत नाही. एकदाचं दोनदा झालं. मग उठता उठता कोथिंबीर मागावी तसं त्यांनी उन्हाळी सत्र मागितलं. तेही मिळालं.

आयईपीतली उद्दिष्टं मोजता येण्याजोगी असावी लागतात. त्यामुळे चिरंजीवांच्या कागदावर लिहिलेलं असतं, "समोरच्याने अभिवादन केल्यास पाचातून चार वेळा उत्तर देईल." म्हणजे 80 टक्के. टक्क्यांवर वाढलेल्या आम्हा मंडळींना हे लगेच कळतं. एवढंच की शेजारच्या घरमालकाशी माझा स्वतःचा आकडा पाचातून दोनच्या वर जात नाही.

पण आकडा किती लहान ठेवायचा, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाची उद्दिष्टं वर्षामागून वर्षं जवळपास तीच उतरवली जात होती. आईबाप सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. 2017 मध्ये एन्ड्र्यू एफ. खटल्यात आठही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की नावापुरती प्रगती पुरेशी नाही, मुलाची परिस्थिती पाहून साजेशी प्रगती व्हायला हवी. या निकालाची प्रत आमच्या फायलीत सगळ्यांत वर असते. ती उघडावी लागत नाही, दिसली तरी पुरते.

तेव्हा घरात असं मूल असेल, तर पुण्याच्या फोननंतर आधी शाळेला मुलाच्या मूल्यमापनासाठी लेखी विनंती करा. तोंडी सांगून घड्याळ सुरू होत नाही. न्यू जर्सीत लेखी विनंती पोहोचल्यापासून, शाळेच्या सुट्ट्या सोडून, 20 दिवसांत शाळेला बैठक बोलवावी लागते. उन्हाळ्याची सुट्टी मात्र त्यात धरली जाते. पत्रावर तारीख घाला, प्रत ठेवा, बैठकीत कागद समोर आला तरी सही घरी वाचून करा. आणि जाताना आपले टिश्यू आपण न्या.