तीच सीडी, पाचव्यांदा

रिमास्टरवाला, म्हणजे जुन्याच अल्बमची आवाज घासूनपुसून काढलेली नवी प्रत पुन्हा विकत घेणारा गृहस्थ साधारण साठीच्या अलीकडे-पलीकडे असतो. नोकरी बँकेत नाहीतर एखाद्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात झालेली, मुलगा अमेरिकेत, गुडघे कुरकुरणारे आणि कान, निदान त्याच्या मते, शाबूत. भिंतभर कपाट सीडींनी भरलेलं असतं. जवळ जाऊन पाहिलं की कळतं, अल्बम मोजकेच आहेत. बाकी सगळे त्यांचे अवतार. अमेरिकन, जर्मन, पाठीवर कागदी पट्टी असलेला जपानी, सोनेरी मुलाम्याचा, पंचविसाव्या वर्षानिमित्तचा आणि पन्नासाव्याही.

एखादा भाबडा पाहुणा म्हणतो, "अरे वा, ही माझ्याकडेही आहे!" लगेच प्रश्न येतो, "कुठली?" पाहुणा अल्बमचं नाव सांगतो आणि संपतो. नाव काय, कोणीही सांगेल. याला हवा असतो तो सीडीच्या उलट्या बाजूला, भोकाभोवतीच्या कड्यावर कोरलेला नंबर.

हा जन्मतः असा नव्हता. तरुणपणी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये तो पगाराच्या आठवड्यात जायचा, एखादी कॅसेट, पुढे एखादी सीडी घ्यायचा आणि घरी येऊन चक्क ऐकायचा. (ते दुकान २०१६ साली बंद झालं, तेव्हा घरात त्याला कोणी दोन दिवस हटकलं नाही.) त्याचा घात केला तो जॅझमधल्या ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसनं.

'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत मुद्रित झाला. पहिल्या दिवशी तिथलं मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप नेहमीच्या वेगानं वाजवली की सूर चढतात. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू, 'सो व्हॉट'सकट, थोडी चढ्या सुरात जगभर गेली. आपल्याकडे तंबोरा तेवढा चढा लागला असता तर बुवांनी तबलजीकडे एक नजर टाकून मैफल थांबवली असती. इथे तीस वर्षांहून अधिक काळ लोक त्यावर माना डोलावत होते, वादक मंडळी रेकॉर्डबरोबर वाजवायला बसली की आपलंच वाद्य उतरलंय असं समजून खुंट्या पिळत होती. त्या दिवशी शेजारी दुसरं मशीन सुरक्षिततेसाठी चालू होतं आणि ते नीट फिरत होतं. त्याची टेप वापरून १९९२ साली सोनेरी सीडी निघाली, तेव्हा सूर जागेवर आले.

म्हणजे नव्या प्रतीत खरोखरच फरक होता! कानाला कळणारा, तानपुऱ्यावर धरून दाखवता येईल असा. जुगाऱ्याला पहिल्याच डावात तीन एक्के लागावेत तसं हे झालं. तेव्हापासून प्रत्येक नव्या प्रतीत आणखी एक हळू फिरणारं मशीन दडलेलं असणार, अशी त्याची श्रद्धा आहे.

त्याचं ज्ञान मात्र पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. दोन प्रती ताडून पाहताना मोठ्यानं वाजणारी प्रत उगाच बरी वाटते, हे तो जाणतो. म्हणून आधी मीटर लावून दोन्हींचा आवाज सारखा करतो. या विधीत पाहुण्याचा चहा निवतो. मग 'सो व्हॉट'ची सुरुवात, पियानो आणि बास, जेमतेम अर्धा मिनिट. थांब. दुसरी सीडी. तोच अर्धा मिनिट. "आता बास मोकळा झाला की नाही?" आपण "झाला" म्हणतो. त्याच्या घरी हा अल्बम अनेकदा ऐकलेल्या माणसांनीही माइल्सचा ट्रम्पेट अजून ऐकलेला नाही. तो नंतर येतो.

रॉकचं प्रकरण वेगळं. तिथे त्याचं दुःख खरं आहे. नव्वदच्या दशकापासून कंपन्यांनी सीडी अधिकाधिक मोठ्यानं वाजावी म्हणून हळू जागा उचलून मोठ्या जागांच्या बरोबरीला आणल्या. मेटॅलिकाच्या २००८च्या 'डेथ मॅग्नेटिक'वर तर चाहतेच भडकले, कारण तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये जास्त मोकळी वाजत होती. हे तो आलेख काढून तासभर समजावतो. वहिनींनी ते एका वाक्यात सांगितलं होतं. एका जुन्या अल्बमच्या दोन प्रती ऐकवून त्यानं विचारलं, तर त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पहिली लावली होतीत तेव्हा मला कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. दुसरीत भात लागला."

एवढी अचूक चाचणी मी दुसरी पाहिलेली नाही. त्यानं ती वहीत नोंदवली नाही.

अधूनमधून जग त्याची परीक्षाही घेतं. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या रेकॉर्डी मूळ टेपवरून, मध्ये संगणक न आणता कापल्या जातात, असं शौकिनांनी धरून ठेवलं होतं. २०२२ साली कळलं की अनेक रेकॉर्डींच्या वाटेत डिजिटल टप्पा होता, तोही बरीच वर्षं. आणि तो एकाही सोन्याच्या कानाला ओळखू आला नव्हता. यावर आमचा गृहस्थ आठवडाभर गप्प होता. मग म्हणाला, "मला सिंबलवर थोडा संशय होताच." हा तोच माणूस, ज्यानं एकेकाळी सीडीच्या कडा हिरव्या मार्करनं रंगवल्या होत्या आणि आवाज सुधारला म्हणून पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते.

गेल्या दिवाळीत मुलगा आला आणि त्यानं वडिलांना बळेच कानांच्या तपासणीला नेलं. डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला. उंच स्वरांकडे जाता जाता रेघ जिना उतरावा तशी खाली गेली होती; या वयात बहुतेकांची जाते. यानं चष्मा लावून आलेख बारकाईनं पाहिला, मान हलवली आणि विचारलं, "डॉक्टर, तुमचे हेडफोन कुठल्या कंपनीचे?"

घरी आल्यावर वहिनींनी दारातच विचारलं, काय निघालं म्हणून.

"काही नाही. त्यांची सिस्टिम अगदीच सामान्य आहे."