सुधारणामीमांसा

१. विषयप्रवेश

लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली. आगरकरांनी १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढले आणि त्यांची प्रेतयात्रा त्यांच्या हयातीतच निघाली. उभय आचार्यांनी सुधारणा कशी करावी हे सांगितले. परंतु या शब्दाच्या नित्य लोकव्यवहारातील प्रयोगांचे वर्गीकरण राहून गेले. ती उणीव भरून काढण्यास्तव प्रस्तुत लेखकाने पुणे-सोलापूर महामार्गावरील लोणी काळभोर हे अध्ययनक्षेत्र आणि तेथील एक चहाची टपरी हे निरीक्षणस्थान निश्चित केले.

२. लक्षण

ज्या पालटाचा सुचविणारा एक व भोगणारा दुसरा असतो, त्यास सुधारणा म्हणावे.

‘सुधारणे’ हे क्रियापद अकर्मकही आहे व सकर्मकही: मुलगा सुधारतो, बाप मुलाला सुधारतो. व्याकरणाने दिलेली ही समता व्यवहारात टिकत नाही. द्वितीयपुरुषी आज्ञार्थ, यथा “आता तरी सुधार!”, विपुल आढळतो, त्याचे प्रमाण उत्तर “बघू” असे आहे. “मी सुधारतो” हा प्रथमपुरुषी वर्तमानकाळ मात्र संपूर्ण निरीक्षणकाळात एकदाही श्रुतिगोचर झाला नाही.

३. प्रकार

(अ) अंकाश्रित. ‘सुधारित’ हे विशेषण ज्या दरास लागते तो दर चढतो. उतरलेल्या दरास ‘सवलत’ ही स्वतंत्र संज्ञा असल्याने येथे अतिव्याप्तीचा दोष संभवत नाही.

(आ) अचल. २०२१ मध्ये लोणी काळभोर पोलीस ठाणे पुणे ग्रामीणमधून पुणे शहर पोलीस आयुक्तालयात समाविष्ट झाले. ठाणे, गाव व ऊस जागच्या जागी राहून ग्रामीणाचे नागर झाले. परिवर्तनास गती आवश्यक असते, या मताचे येथे खंडन होते.

(इ) छेदनात्मक. गुजराती या भाषाभगिनीत भाजी चिरण्यास ‘शाक सुधारवुं’ म्हणतात. आपल्याकडे ‘रस्ता सुधारणा’ असा फलक लागताच प्रथम रस्ता चिरला जातो, तेव्हा उभय भाषांचे अर्थैक्य प्रत्ययास येते.

(ई) पशुमानवीय. याच महामार्गावर पुढे उरुळी कांचन आहे. तेथे १९४६ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने निसर्गोपचार आश्रम स्थापन झाला. पुढे १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ संस्था उभारून संकरित गोपैदाशीचे कार्य केले. एकाच गावी मनुष्य व गाय या दोहोंची सुधारणा आरंभिली गेली. लिटरमध्ये मोजता आली ती गायीची.

४. संप्रदाय

दरफलक सुधारण्याच्या विधीवरून दोन संप्रदाय संभवतात. लेपनवादी जुन्या अंकावर कागदाचा चौकोन चिकटवितात. रेखावादी जुना अंक खोडून शेजारी नवा लिहितात. रेखावाद्यांच्या मते इतिहास दृश्य असावा. लेपनवाद्यांच्या मते तो आत असावा.

निरीक्षणाधीन टपरी लेपनवादी होती. दमट हवेने कागदाचा कोपरा सुटल्यामुळे स्तरपरीक्षण शक्य झाले: १२ च्या खाली १०, १० च्या खाली ८, आणि ८ च्या खाली मूळ रंगातील ७. पेला मात्र एकाही स्तरात मोठा झाल्याचा पुरावा नाही.

पूर्वपक्ष: चहा तोच असता दरास ‘सुधारित’ कसे म्हणावे? उत्तरपक्ष: सुधारणा दराची आहे, चहाची प्रतिज्ञाच नाही. टपरीचालकांस हा सिद्धान्त निवेदिला असता त्यांनी “साखर बघा कितीला झालीय” एवढेच भाष्य केले. ते या शास्त्रातील आद्य भाष्य समजावे.

५. उपसंहार

आत्मसुधारणेचे उदाहरण शोधून पाहिल्यावाचून लक्षण निर्दोष ठरत नाही, म्हणून लेखकाने निरीक्षण तीन मासांपर्यंत वाढविले. प्रतिदिनी दोन चहा व त्यांच्या अनुषंगाने एक वडापाव, असा क्रम राहिला. अखेरच्या दिवशी टपरीचालकांनी लेखकाकडे आपादमस्तक पाहून “सर, तब्येत सुधारली तुमची” असे उद्गार काढले.

ही सुधारणा कोणी सुचविली नव्हती. ती लेखकाने स्वतः केली व स्वतःच भोगली. लक्षणास बाध आणणारे हे एकमेव उदाहरण होय. वजनकाट्यावर ते चार किलो भरले.