ऐच्छिक, पण दप्तरात दोन

विदर्भ सोडून उरलेल्या महाराष्ट्रात 2022 च्या 15 जूनला शाळा सुरू झाल्या. गणवेश आले, पुस्तकं आली, पाऊसही बेताचा का होईना आला. आणि पहिल्याच आठवड्यात शाळाशाळांतून एक वाद पेटला: पोरांच्या तोंडावरचा मास्क कायमचा उतरवायचा, की अजून काही दिवस ठेवायचा?

सरकारचं म्हणणं काय, असं विचाराल तर ते होतं. एक सोडून दोन होती, हवं ते उचला. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर, 2 एप्रिल 2022 पासून, कोरोनाचे सगळे निर्बंध उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. मुंबईत दोनशे रुपयांची पावती हातात घेऊन नाक्यावर दबा धरून बसणारे क्लीन-अप मार्शल अंतर्धान पावले. दोन महिने सुखात गेले. मग मुंबईतले रोजचे रुग्ण पुन्हा हजारावर जायची चिन्हं दिसायला लागली आणि 3 जूनला, शुक्रवारी, आरोग्य खात्याच्या अपर मुख्य सचिवांनी जिल्ह्याजिल्ह्यांना पत्र धाडलं, की रेल्वे, बस, सिनेमागृहं, कार्यालयं, रुग्णालयं, शाळा-कॉलेजं अशा बंदिस्त जागी मास्क हवाच. शनिवारी आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी खुलासा केला, की ही सक्ती नव्हे, आवाहन आहे. खात्याचं म्हणणं एक दिवस टिकलं. काही खुलासे तर संध्याकाळपर्यंतच टिकतात, तेव्हा तक्रार नाही.

आवाहनाची एक गंमत असते. ते पाळलं तर श्रेय करणाऱ्याला, आणि नाही पाळलं नि काही झालं, तर दोष न पाळणाऱ्याला. मंत्रालयाने ते जिल्ह्याकडे सरकवलं, जिल्ह्याने शिक्षणाधिकाऱ्यांकडे, त्यांनी मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापकांच्या खाली फक्त शिपाई उरतो. पण शिपाईमामांकडून मास्कचं धोरण ठरवून घेणं बरं दिसत नाही, म्हणून पालकांची सभा बोलावली.

लेकीला रजा नाही आणि जावई फिरतीवर, त्यामुळे नातवाच्या शाळेत ही आजी गेली. उपनगरातली शाळा आहे, नाव कशाला सांगू, तुमच्या गावात तीच आहे. तळमजल्यावरचं सभागृह, एसी चालू, म्हणून खिडक्या बंद. दीडशे माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि विषय काय, तर हवेतून पसरणारा आजार. निम्म्यांचे मास्क हनुवटीवर होते. बोलायची पाळी आली की उरलेल्यांचेही हनुवटीवर यायचे, कारण मास्कमधून ऐकू येत नाही. एकच माइक पंधरावीस तोंडांपुढून फिरला, मास्कच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या आणि विरुद्ध बोलणाऱ्यांच्याही. तो पुसावा असं एकाही बाजूला वाटलं नाही. एकमत झालं ते एवढ्यावरच.

पहिले उठले ते मास्कविरोधी. मूल गुदमरतं, पुरळ येतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि मॉलमध्ये, लग्नात, आयपीएलला कुणी मास्क घातला होता का? प्रश्न रास्त होता. लगेच दुसरी बाजू उठली: लग्नाला आपण आपल्या मर्जीने जातो, शाळेत पोराला पाठवावंच लागतं. हाही रास्त. पुढचा अर्धा तास दोन्ही रास्त मुद्दे चढ्या आवाजात पुन्हा पुन्हा मांडले गेले. एका गृहस्थांनी मोबाइलवर आलेला एक लेख वाचून दाखवला, दुसऱ्यांनी त्याच्या नेमका उलटा. दोघांनाही तो 'डॉक्टर मित्राने' पाठवला होता. सभागृहात खरेखुरे डॉक्टर होते तीन. त्यांतल्या दोघांनी बोलायचं टाळलं आणि तिसरे दातांचे निघाले.

मुलांच्या बाबतीत नियमच नव्हता असं नाही. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2022 च्या जानेवारीतच सांगितलं होतं: पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची शिफारस नाही, सहा ते अकराच्या मुलांनी नीट वापरता येत असेल तर मोठ्यांच्या देखरेखीखाली घालावा, बारापासून पुढे मोठ्यांसारखंच. साध्या, सरळ तीन ओळी. पण त्या वाचल्या असत्या तर सभा दहा मिनिटांत आटोपली असती, आणि नंतरचा वडा-चहा लवकर द्यावा लागला असता.

लशीचंही तेच. पंधरा ते अठराच्या मुलांना 3 जानेवारीपासून आणि बारा ते चौदाच्या मुलांना 16 मार्चपासून लस सुरू झाली. त्याखालच्यांना तेव्हा नव्हती. म्हणजे मास्क नीट सांभाळू शकणारा आठवीतला मुलगा लस घेऊन मोकळा, आणि मास्क खिशातल्या गोट्यांसारखा मित्राशी बदलून घेणारा दुसरीतला मुलगा लशीविना. ही अदलाबदल डब्याच्या सुट्टीत चालायची. माझ्या नातवाने स्पायडरमॅन देऊन छोटा भीम घेतला होता, वर लाडूचा तुकडा. सौदा वाईट नव्हता. छोटा भीम धुतलेला होता की नाही, तेवढं विचारायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

पहिलीच्या बाई बोलल्या, तेव्हा मात्र मी कान टवकारले. त्या डिसेंबरपासून मास्क लावून पहिलीचा वर्ग घेत होत्या. म्हणाल्या, "प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठांनी शिकवायची असतात. ओठच झाकलेले, मग मुलं काय बघणार? 'भ' सांगितला की निम्मा वर्ग 'ब' लिहायचा." पाडव्यानंतरच्या सोमवारी त्या मास्कशिवाय वर्गात गेल्या, तर पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "आमच्या बाई कुठे गेल्या?" सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत. त्या वर्षी तिसरीत बसलेल्या मुलांची तर अख्खी पहिली मोबाइलच्या पडद्यावर गेली. त्यांना अक्षरं कुणाच्या तोंडून शिकायला मिळाली हा प्रश्न मास्कहून मोठा आहे, पण सभेच्या विषयपत्रिकेवर तो नव्हता, त्यामुळे बाईंना आभार मानून खाली बसवलं.

मग संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांनी मधला मार्ग सुचवला. शाळेचं बोधचिन्ह भरलेले मास्क गणवेशाच्या दुकानात आहेत. ज्यांना घालायचा त्यांनी तो घालावा, म्हणजे एकसारखेपणा राहील. दुकानदाराकडे माल पडून आहे का, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात. इथे नाक झाकायची वेळ आली आणि गल्ला उघडला.

विनोद इथवर. एक आई उठली, माइक न घेताच बोलली. तिच्या घरात सासूबाईंची केमो चालू आहे. ती म्हणाली, "तुमच्या मुलांना मास्क घाला असं मी म्हणत नाही. माझा मुलगा घालणार आहे. त्याला काल तीन मुलांनी 'कोरोना' म्हणून हाक मारली. तेवढं थांबवा."

त्यावर कुणी बोललं नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, करण्यासारखं होतं. सगळ्या वादाचा गाभा तिने चार वाक्यांत सांगितला होता. ऐच्छिक म्हणजे ज्याला नको त्याची सुटका, एवढाच अर्थ आपण लावतो. ज्याला हवा आहे त्याची चेष्टा होणार नाही, ही त्या ऐच्छिकतेची दुसरी बाजू सांभाळायची कुणी? कुठल्या पत्रात, कुठल्या खुलाशात ती नाही. 2020 मध्ये मास्क न घालणाऱ्याला सोसायटीच्या फाटकात अडवणारे आपणच होतो. आता मास्क घालणाऱ्याला भित्रा म्हणणारेही आपणच. पोरं घरातून ऐकून येतात, बाकावर म्हणून दाखवतात.

मग विषय निघाला संमतीपत्राचा. शाळा उघडल्या तेव्हा पालकांकडून लेखी संमती घेतली होती, आठवत असेल. पाल्याला स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहे, असं आपण मुकाट्याने सही करून दिलं. आता मास्क काढायलाही तसंच पत्र घ्यावं, अशी सूचना आली आणि बघता बघता टाळ्या मिळाल्या. शाळेत पाठवायला एक सही, मास्क काढायला एक सही. उद्या पोराला शिंक आली तर रीतसर अर्ज घेऊन मग रुमाल मिळेल.

निर्णय काही होईना, म्हणून तो वर्गवार व्हॉट्सअॅप ग्रुपवर मतदानाला टाकला. तीन पर्याय: मास्क हवा, मास्क नको, शाळा ठरवेल ते. आमच्या वर्गात तिसरा पर्याय मोठ्या फरकाने निवडून आला. ते शाळेला कळवलं. शाळेचं उत्तर आलं, की पालक ठरवतील ते शाळेला मान्य राहील. पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती आपल्याकडे कायद्यानेच चिठ्ठ्या टाकून निवडतात. मला वाटतं मास्कचंही तसंच करायला हवं होतं. निदान चिठ्ठी तरी हो किंवा नाही म्हणाली असती.

शेवटी परिपत्रक आलं. भाषा मराठी शाळांची खास आहे, मजकूर जवळपास असा: मास्क वापरणे ऐच्छिक आहे; तथापि प्रत्येक विद्यार्थ्याच्या दप्तरात दोन स्वच्छ मास्क असणे आवश्यक आहे. ऐच्छिक, पण दप्तरात दोन. दप्तराचं ओझं कमी करायची परिपत्रकं वेगळ्या फायलीत असतात, त्यामुळे त्यांचा इथे संबंध येत नाही.

आता माझं मत, कुणी विचारलं नसलं तरी. सक्ती गेली ते बरं झालं. लहान वर्गांत तर ती आधीच जायला हवी होती. सहा वर्षांच्या पोराने सहा तास नाकावर कापड नीट ठेवावं ही अपेक्षा करणाऱ्यांनी आधी स्वतः एक पालकसभा तशी बसून दाखवावी. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याने जरूर घालावा, आणि त्याला चिडवणाऱ्याला बाईंनी मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन समजावावं. पण दीड तासाच्या सभेत ज्याचं नावही निघालं नाही, ते मला जास्त खुपतं.

खिडक्यांचं नाव निघालं नाही. माझ्या नातवाच्या वर्गात साठाच्या घरात मुलं आहेत. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, हे भिंतीवर लावायला हरकत नाही, जागा असेल तर. रस्त्याकडच्या खिडक्या आवाजामुळे बंद, मैदानाकडच्या पाऊस आत येतो म्हणून बंद, आणि छताला तीन पंखे, जे तीच हवा सगळ्यांना समान वाटतात. आजार हवेतून पसरतो हे दोन वर्षांत आपल्याला पाठ झालं. तरी खर्च केला कशावर? बाकांवरच्या फवारणीवर, फाटकातल्या तापमापक बंदुकीवर (ती मला दर वेळी 34 अंश दाखवायची, त्या हिशेबाने मी केव्हाच गार पडायला हवी होते) आणि जमिनीवरच्या पिवळ्या वर्तुळांवर. हवा बाहेर फेकणारा एक पंखा बसवायला ना सरकारचं आवाहन लागतं, ना मतदान.

आणि हजेरी. दर वर्षी स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र आणि पेला मिळतो. त्या पेल्यापायी किती घरांत पहाटे सहाला पोराला पॅरासिटामॉलचं सिरप पाजून, ताप उतरला म्हणत व्हॅनमध्ये बसवतात, हे प्रत्येक वर्गशिक्षिकेला माहीत आहे. साडेदहाला औषधाचा असर ओसरतो, अकराला शाळेतून फोन येतो, आणि तोवर पोराने शेजारच्या दोघांच्या डब्यात हात घातलेला असतो. मास्कवर भांडणाऱ्या दोन्ही पक्षांच्या घरी हे चालतं. आमच्याही लेकीने केलंय, मी पाहिलंय आणि गप्प बसले आहे.

तेव्हा मुख्याध्यापक बाई, आणखी एक परिपत्रक काढायचंच असेल तर दोन ओळींचं काढा: ताप-खोकला असेल तर मुलाला घरी ठेवावे, त्या दिवसांची हजेरी कापली जाणार नाही, यंदापासून पूर्ण हजेरीचा पेला बंद. सही तुमची लागेल, पालकांची नको.