बिनशिट्टीचा कुकर

परदेशी शिकायला गेलेल्या प्रत्येक घोळक्यात एक मौनीबाबा असतोच. आमचा जर्मनीतल्या आखेनला भेटला, वसतिगृहात, नेमका माझ्या शेजारच्या खोलीत. व्हिसासाठी 11,904 युरो बँकेत अडकवून हा इतक्या लांब आला, तो कुणाशी न बोलायला! एवढ्या पैशांत सदाशिव पेठेत आरामात गप्प बसता आलं असतं.

स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक. आत चाहूल लागली की हा खोलीतच उपाशी. मजला झोपला की आईनं बॅगेत कोंबलेला कुकर घेऊन निघायचा. पण तिथे रात्री दहानंतर शांतता पाळायची. शिट्टी झाली तर कुणीतरी येणार, येणारा ‘हॅलो’ म्हणणार आणि मग यालाही काहीतरी म्हणावं लागणार. तेव्हा शिट्टी होऊच द्यायची नाही! कुकर फुरफुरला की रडू फुटायच्या बेतातल्या पोराला उचलावं तसा हा तो झटकन उचलायचा. जरा वेळानं परत ठेवायचा. परत फुरफुर, परत उचल. अशानं तूरडाळ शिजते होय? कचाकचा चावून खायचा.

“अरे, मसूर आण, पातेल्यातही शिजते,” मी सांगितलं. “बघतो,” म्हणाला. बघितलं नाही. मसूर तुर्की दुकानात मिळते आणि तिथला दुकानदार बोलका.

त्याचं खरं मैत्र सुपरमार्केटातल्या बाटल्या परत घेणाऱ्या यंत्राशी. प्लास्टिकची बाटली घाला, 25 सेंटची चिठ्ठी घ्या. कसा आहेस, कुठला आहेस, काही नाही. फक्त ती चिठ्ठी वटवायला काउंटरवर जावं लागतं. त्यामुळे याच्या पाकिटात नोटांपेक्षा चिठ्ठ्या जास्त.

वर्गात सादरीकरण संपलं की तिथली मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बाकावर टकटक करतात. याचं पहिलं सादरीकरण झालं, सगळा वर्ग टकटकू लागला, आणि हा घाबरून दाराकडे बघतोय. कोण आलं?

आमच्या बाकीच्या घोळक्याला बोलायचं वावडं नव्हतं. मला ताप भरला तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘काही लागलं तर हक्कानं सांग’चा पाऊस पडला. सोबत फुलं, अंगठे, हात जोडलेले. प्रत्यक्षात कुणी फिरकलं नाही.

त्याच रात्री अकराच्या सुमारास शिट्टी झाली. मग दुसरी. मग तिसरी, चांगली लांबलचक. पलीकडचं दार आपटलं, कुणीतरी जर्मनमध्ये तणतणलं, आणि त्यावर याचा आवाज आला. शेजारी आजारी आहे, डाळ शिजवतोय, अजून एक शिट्टी होईल, माफ करा. व्याकरणाची दाणादाण, पण चार वाक्यं सलग!

थोड्या वेळानं दारावर टकटक. उघडलं तर खाली डबा आणि हा पसार.

डाळ पार गरगट शिजली होती. मीठ मात्र नव्हतं. त्याच्याकडचं संपलं होतं, आणि मागायला माझंच दार ठोठावावं लागलं असतं.