साडेआठशे शब्दांत विश्वव्यवहार

इंग्रजीने अखिल जगताची व्यवहारभाषा व्हावे, या शुभकार्यातील मुख्य अडथळा खुद्द इंग्रजीच आहे, हे केंब्रिजचे विद्वान चार्ल्स ऑग्डेन यांच्या ध्यानी आले आणि १९३० साली त्यांनी तिची अशी काही काटछाट केली की, एकंदर शब्द ८५० आणि त्यांत क्रियापदे जेमतेम १८, एवढ्या सरंजामावर यच्चयावत मानवजातीने आपला कारभार हाकावा असे ठरले. क्रियापदांची उणीव भरून काढण्यासाठी त्या १८ जणांना नाना अव्ययांची जोड दिलेली होती. आणि परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक रडवणारा भाग नेमका तोच, ही गोष्ट ती भाषा आईच्या मांडीवर शिकलेल्यास बहुधा दिसत नसावी. वर्णलेखन मात्र, त्यातील मुक्या अक्षरांच्या वंशपरंपरागत वतनांसकट, जसेच्या तसे बहाल राहिले. (ती वतने खालसा करण्याची सनद कोणापाशी होती?) १९४३ मध्ये चर्चिलसाहेबांनी हार्वर्ड विद्यापीठात या योजनेची जाहीर भलामण केली, त्याच वर्षी तिच्या विचारार्थ मंत्रिमंडळाची समितीही बसली, आणि १९४६ साली ब्रिटिश सरकारने ऑग्डेन यांना २३,००० पौंड मोजून योजनेचे हक्क आपल्या दप्तरी जमा करून घेतले, पुढे ती तेथेच राहिली. इतरेजनांनी साडेआठशे शब्दांत भागवावे असे सुचविणाऱ्या चर्चिलसाहेबांनी स्वतःवर तसला निर्बंध कधी लादून घेतला नाही. १९५३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते साहित्याचे.